अण्णा नाईक परत आले, म्हणजे नेमकं काय झालं?

जुनी मालिका 'परत आली' असं आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतो. वाहिनीने जुने भाग काढून तसेच्या तसे पुन्हा लावले, तरी ती परत आली. आणि त्याच नावाखाली नवं चित्रीकरण करून मागची-पुढची गोष्ट सांगायला घेतली, तरीही ती परतच आली. पहिलं पुनःप्रक्षेपण, दुसरं नवं पर्व. हा घोळ वाहिन्यांच्याही पथ्यावर पडतो. 'पुन्हा तुमच्या भेटीला' एवढं म्हटलं की काम झालं. भेटीला नक्की कोण येणार, ते टीव्ही लावल्यावर बघा.

आमच्या सिंधुदुर्गात या घोळाचं नाव एकच, झी मराठीवरची 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका. सावंतवाडीजवळच्या आकेरीत तिचं चित्रीकरण झालं, पात्रं मालवणी बोलली, आणि कोकणाची भुताखेतांवरून बदनामी होते म्हणून ओरडही झाली. ओरडणारे आणि रात्री टीव्हीसमोर बसणारे बऱ्याचदा एकाच घरातले असत, ती गोष्ट वेगळी. पहिलं पर्व २२ फेब्रुवारी २०१६ ला सुरू झालं. दुसरं जानेवारी २०१९ मध्ये आलं आणि तिसरं मार्च २०२१ मध्ये. त्यातही गंमत अशी की गोष्टीचा क्रम पर्वांच्या क्रमाने जात नाही. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीलाच घरातले कर्ते अण्णा नाईक मरतात आणि त्यांच्या जाण्याने घर गोळा होतं. दुसरं पर्व काळात मागे जातं. तिथे अण्णा चांगले जिवंत, तरतरीत, गावावर हुकूम गाजवणारे. तिसऱ्यात ते पुन्हा मेलेले, तरी हजर.

चतुर्थीला मुंबईकर घरी आले की रात्रीचं भजन आटपल्यावर कोणीतरी मोबाइल टीव्हीला जोडून हे जुने भाग लावतंच. काकी हात पुसत आतून येते आणि दारातूनच विचारते, "ह्यां अण्णा मरायच्या आधीचा की नंतरचा?" पोरं हसतात. पण या मालिकेच्या बाबतीत याहून नेमका प्रश्न मला तरी सुचलेला नाही. त्याच्या उत्तरावरून दुसरं पर्व आहे की नाही ते लगेच कळतं.

आता पुनःप्रक्षेपण म्हणजे काय ते बघू. इथे वाहिनी नवीन काहीच करत नाही. हक्क तिच्याकडे असतात, भाग तयार असतात, खर्च किरकोळ. म्हणून असे भाग बहुधा दुपारी, मध्यरात्री नाहीतर भल्या पहाटे लागतात, जिथे नव्या मालिकेवर पैसा ओतणं परवडत नाही. २०२० साली हे गणित तेवढं उलटं झालं. मार्चमध्ये चित्रीकरणं बंद पडली, वाहिन्यांकडे दाखवायला काही उरलं नाही आणि जुनं सामान एकदम मोक्याच्या वेळेला आलं. दूरदर्शनने २८ मार्च २०२० पासून रामानंद सागरांचं 'रामायण' सकाळी आणि रात्री असं दोनदा लावलं. मूळ मालिका १९८७-८८ ची. १६ एप्रिलच्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक मिळाल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं आणि तो जगातला विक्रम असल्याचंही सांगून टाकलं. त्यावर वाद झाला; १९८३ मधल्या एका अमेरिकन मालिकेच्या शेवटच्या भागाचा आकडा दहा कोटींच्या वर होता, हे लोकांनी लगेच काढून दाखवलं. विक्रम असो-नसो, तेहतीस वर्षांपूर्वीचा कार्यक्रम एक फ्रेमही न बदलता इतक्या लोकांनी पाहिला, हे काही थोडं नाही.

एक फ्रेमही बदलत नाही, हेच पुनःप्रक्षेपणाचं बळ आणि हीच त्याची गोची. मालिका आहे तिथेच असते, तीस वर्षांत बदललेले असतो आपण. लहानपणी घाम फोडणारा प्रसंग आता बघताना कळतं, की कॅमेरा एकाच माणसाच्या तोंडावर तीन वेळा आपटलाय आणि ढगांचा गडगडाट चुकीच्या जागी झालाय. जुनी चित्रं जवळजवळ चौकोनी असायची. घरच्या रुंद टीव्हीवर कुणीतरी सेटिंग बदलून ती ताणलेली असली, की सगळी पात्रं जाडी आणि बुटकी दिसतात. आमच्याकडे राम-लक्ष्मण असेच गुटगुटीत होऊन वनवासाला निघाले होते, आणि रिमोटवरचं कुठलं बटण दाबायचं यावर घरात जो वाद झाला तो वनवासापेक्षा लांबला. मोबाइलवर तर शीर्षकगीत सुरू झालं रे झालं की ते वगळायचं बटण समोर येतं. एकेकाळी ज्या गाण्याच्या सुरांवर माणसं अंगणातून धावत आत येत, ते आता दोन सेकंदांत उडवता येतं. हा बदल मला खटकतो. शीर्षकगीत हा मालिकेचा भाग होताच, शिवाय बसायला पाट घेण्याचा वेळही तोच होता.

नव्या पर्वाचं तसं नाही. तिथे नट परत बोलवावे लागतात, आणि मधली वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर असतात. 'सीआयडी' १९९८ पासून २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युम्न, दया, अभिजीत सगळे आले. फ्रेडरिक्स आला नाही, कारण तो साकारणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले होते. जुने भाग लावले तर फ्रेडरिक्स तिथे हमखास विनोद करतो. नव्या पर्वात त्याची जागा रिकामीच. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' चंही तेच. २००० ते २००८ या काळात अठराशेवर भाग झालेली ही मालिका जुलै २०२५ मध्ये परत आली, तुळशी स्मृती इराणीच. तिचा नवरा मिहीर म्हणून मात्र आले ते सुरुवातीचे अमर उपाध्याय. मधल्या काळात त्या भूमिकेत इंदर कुमार आणि मग बरीच वर्षं रोनित रॉय होते. म्हणजे ज्या प्रेक्षकाच्या डोक्यातला मिहीर रोनित रॉय, त्याच्यासाठी 'जुनं घर' आलंच नाही. दुसऱ्याच कुणाच्या आठवणीतलं घर आलं.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. नवं पर्व आठवण पुरी करू शकत नाही, कारण प्रत्येकाची आठवण वेगळी असते. ते गोष्ट पुढे नेऊ शकतं, पण पुढे न्यायला गोष्टीत काहीतरी शिल्लक असावं लागतं.

'रात्रीस खेळ चाले'चं दुसरं पर्व म्हणून माझ्या मते तिन्हींत सरस ठरलं. पहिल्या पर्वात अण्णा म्हणजे लोकांच्या बोलण्यातला माणूस. कोणी त्यांच्या नावाने थरथरतं, कोणी शिव्या घालतं. ज्या शेवंताच्या नादी ते लागले ती कोण, त्यांच्या बायकोने, माईंनी, काय काय सोसलं, याचे धागे इकडून तिकडून हाती लागत. सगळ्या घरावर ज्याची सावली, तो माणूस प्रत्यक्ष होता कसा, हे प्रेक्षकाला बघायचं राहूनच गेलं होतं. दुसऱ्या पर्वाने बरोबर तोच दरवाजा उघडला. माधव अभ्यंकरांचे अण्णा चालायला-बोलायला लागले, अपूर्वा नेमळेकरची शेवंता आली, आणि मालिका भुताची न राहता एका माजलेल्या माणसाची झाली. आकेरीच्या वाड्यासमोर गाड्या थांबवून लोक फोटो काढू लागले ते काही भूत बघायला नव्हे. तिसऱ्या पर्वापर्यंत अण्णा आणि शेवंता ही दोघं इतकी लाडकी झाली होती की त्यांना सोडून चालणार नव्हतं, आणि ती दोघं तर मेलेली. मग त्यांना कुठल्या ना कुठल्या रूपात आणत राहणं आलं. त्यात मधेच शेवंता बदलली, अपूर्वाच्या जागी कृतिका तुळसकर आली. कृतिकाने काम वाईट केलं असं नाही. पण तोवर लोकांना शेवंता नावाचं पात्र नको होतं, डोळ्यांसमोर बसलेला तो चेहरा हवा होता. ती भूक नव्या पर्वाने भागत नसते. तिच्यावर उपाय जुने भाग.

पांडूचं मात्र तिन्ही पर्वांत छान जमलं. 'इसरलंय' म्हणणारा पांडू साकारणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतःच मालिकेच्या लेखकांपैकी. ज्याला सगळी गोष्ट ठाऊक, त्यानेच पडद्यावर सगळं विसरायचं, यात जी मजा आहे ती लिहून समजावता येत नाही.

इथे तिसरीही एक जात मधे घुसते, तीही सांगून टाकतो. जुनीच गोष्ट पहिल्यापासून नव्या नटांनी नव्याने करायची. २००८ साली सागरांच्याच संस्थेने 'रामायण' पुन्हा केलं, ते असं. आमच्या भागात याचं कुणाला नवल नाही, कारण इथलं लोकनाट्य, दशावतार, हेच करत आलंय. जत्रेचा हंगाम सुरू झाला की गावोगावी मंडळ्या येतात, मध्यरात्रीनंतर आख्यान रंगतं, आणि आख्यान कुठलं, शेवटी कोण मरणार, हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही पाठ असतं. संवाद मात्र लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून तिथल्या तिथे एकमेकांना शब्दांत पकडतात. म्हणून तीच गोष्ट दरवर्षी बघूनही शिळी होत नाही आणि 'जुना राजा परत आणा' असं कुणी म्हणत नाही. म्हाताऱ्यांनी 'आमच्या वेळचा अमका काय राजा करायचा' म्हणून उसासे टाकले तरी रात्रभर बसतात तेच. टीव्हीने गोष्ट एका चेहऱ्याला आणि एका रेकॉर्डिंगला बांधून टाकली, तेव्हापासून आपल्याला हा चोखंदळपणा जडला.

जाहिरात बघून ओळखायचं कसं? वेळ बघा. रात्री आठ-नऊची असेल तर बहुतेक नवं पर्व, दुपारची किंवा बाराच्या पुढची असेल तर जुने भाग. जाहिरातीतली दृश्यं पाहिलेली वाटताहेत का बघा. पात्राच्या हातात फोन असेल तर फोनवरून वर्ष सहज कळतं. आणि नावापुढे आकडा लागलाय का, तेही बघा. मात्र आकडा म्हणजे गोष्ट पुढे सरकली असं समजू नका. अण्णांनी ते खोटं पाडून दाखवलंय.

राहता राहिला प्रश्न, काय मागायचं. 'आभाळमाया' परत सुरू करा, अशी मागणी कुठे ना कुठे चालूच असते. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर, सुरू झालेली, विनय आपट्यांनी दिग्दर्शित केलेली, सुकन्या कुलकर्णीची सुधा जोशी घराघरांत नेणारी मालिका. माझं मत विचाराल तर ती नव्याने सुरू करू नये. सुधाचं जे सांगायचं होतं ते सांगून झालं. विनय आपटे २०१३ मध्ये गेले. जुने भाग मात्र पहिल्यापासून, रोज एक, शीर्षकगीत न कापता लावावेत. आणि वेळ रात्री साडेआठच्या आसपासची असावी. दुपारी आमच्याकडे पावसाळ्यात लाईट असेलच असं नाही.