पॅडवर १२ टक्के जीएसटी? अहो, तो कधीच गेला

"कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या टॅक्स फ्री आणि पॅडवर १२ टक्के!" हा मेसेज परत फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर खाली लालबुंद इमोजींची रांगच लागलीये. राग बरोबर आहे हो, पण तारीख चुकलीये. हे खरं होतं जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा, मग बायकांनी देशभर आवाज उठवला, कोर्टात केस गेली आणि २७ जुलै २०१८ पासून पॅड, टॅम्पॉनवर जीएसटी शून्य.

मग आमच्या कोथरूडच्या मेडिकलमधे पाकीट १२ टक्क्यांनी स्वस्त का नाही झालं? गंमत इथेच आहे. माल टॅक्स फ्री असला की कंपनीला आतल्या पल्पवर, जेलवर, प्लॅस्टिकवर, पॅकिंगवर भरलेला जीएसटी परत वळता करून घेता येत नाही, इनपुट क्रेडिट बंद, म्हणजे तो खर्च गुपचूप किमतीतच बसतो आणि बिलावर मात्र शून्य दिसतं. भांडायचंच तर यावर भांडा ना, याच्यावर कोणी मेसेज करत नाही!

बाकी घरकामाला येणाऱ्या ताईंना सांगायचं असेल तर जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड विचारायला सांगा, ऑगस्ट २०१९ मधे त्याची किंमत अडीच रुपयांवरून १ रुपया केली होती. आणि वाणसामानाची यादी घरातले पुरुष घेऊन जातात ना, त्यातच लिहा की पॅड, साबणाच्या खाली. मेडिकलवाले काका काळी पिशवी काढतीलच, नको म्हणायचं.