पार्श्वभूमी : बड्सच्या बॉक्सवरचे ‘नॉइज कॅन्सलेशन’ आले कुठून

हजार-बाराशे रुपयांच्या बिनतारी बड्सच्या बॉक्सवर आज साधारण चार गोष्टी ठळक छापलेल्या असतात : ‘४० तास प्लेटाइम’, ‘१३ मिमी ड्रायव्हर’ (आतला छोटा स्पीकर), ‘आयपीएक्स४’ (पाण्यापासूनचे संरक्षण) आणि ‘ईएनसी’. जरा महाग बॉक्सवर ‘ईएनसी’च्या शेजारी ‘एएनसी’ही येते. काउंटरवर विचारले तर दोन्हींचे उत्तर एकच मिळते, ‘नॉइज कॅन्सलेशन आहे ना!’ गाणी ऐकण्यासाठी बड्स घेणाऱ्यांची सर्वाधिक निराशा या एका उत्तराने झाली आहे. एएनसी (अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन) शांतता देते ती ऐकणाऱ्याच्या कानाला, ईएनसी (एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन) देते ती फोनवर पलीकडे असलेल्याला. ही दोन आद्याक्षरे दोन वेगळ्या वाटांनी आली आणि त्यांचा गोंधळ बराच जुना आहे.

हेडफोनचा लांबचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटामध्ये एका माणसाने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि ते तिथल्या नौदलाने घेतले. १९५८ मध्ये मिलवॉकी शहरात संगीत ऐकण्यासाठीचा स्टिरिओ हेडफोन बाजारात आला. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये वॉकमन विक्रीला आला आणि त्याच्यासोबतच्या हलक्या, स्पंज लावलेल्या हेडफोनने घराबाहेर, चालता चालता ऐकण्याची सवय लावली. त्याची ३.५ मिलिमीटरची पिन म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजच्या जाड पाव इंची पिनेचे धाकटे रूप. पुढची तीसेक वर्षे ‘चालेल का माझ्या फोनला?’ हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. पिन बसली की चालले.

आजच्या निवडीवर खरा ठसा आहे तो वॉकमननंतर आलेल्या ब्लूटूथचा. ब्लूटूथवरचे काम १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड शहरात सुरू झाले आणि १९९९ मध्ये पहिले मानक आले. कानाच्या बाबतीत त्याचा पहिला उपयोग फोनवर बोलण्याचा होता : फोन खिशात, एका कानात हेडसेट, हात मोकळे. त्या वाटेवरचा आवाज टेलिफोनच्याच प्रतीचा ठेवला होता, सेकंदाला आवाजाच्या आठ हजार मोजण्यांचा, म्हणजे नमुन्यांचा. ब्लूटूथ ज्यावर चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला, आणि त्याच दशकात एका कानातल्या त्या वस्तूलाच लोक ‘ब्लूटूथ’ म्हणू लागले. ‘कानात ब्लूटूथ घालून बोलत होता’ हे वाक्य अजून ऐकू येते.

संगीतासाठी वेगळी, एकाच दिशेची वाट २००३ च्या सुमारास आखली गेली. दोन्ही वाटा आजही वेगळ्याच आहेत. म्हणून लॅपटॉपवर गाणे सुरेख वाजत असते, मीटिंग सुरू होऊन बड्सचा माइक चालू होतो, आणि त्या क्षणी सगळा आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा होतो. बड्स बिघडलेले नसतात. ते संगीताच्या वाटेवरून बोलण्याच्या वाटेवर आलेले असतात. २०११ मध्ये बोलण्याची वाट थोडी रुंद झाली, नमुने आठ हजारांचे सोळा हजार झाले, तरी संगीताशी तिची तुलना नाही. ‘माइक लावला की आवाज खराब होतो’ म्हणून बड्स परत करणाऱ्यांना हे कोणी आधी सांगत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये एका अमेरिकी कंपनीने आपल्या फोनचा ३.५ मिलिमीटरचा जॅक काढला, त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. कारणे सांगितली गेली ती फोनमधल्या जागेची, आणि मंचावरून ‘धैर्य’ हा शब्दही वापरला गेला. त्याच कार्यक्रमात त्या कंपनीने स्वतःचे बिनतारी बड्स दाखवले. भारतात त्यांची किंमत पंधरा हजारांच्या पुढे होती. जॅक काढणारी ती पहिली कंपनी नव्हे. त्याच उन्हाळ्यात भारतात विकला गेलेला एक स्वस्त चिनी फोनही जॅकशिवाय आला होता. बाजार वळला तो मात्र सप्टेंबरनंतर. जॅक राहिला असता तर बिनतारी बड्स ही आवडीची वस्तू राहिली असती. तो गेल्यामुळे ती गरज झाली, आणि गरजेच्या वस्तूचा बॉक्स माणूस बारकाईने वाचत नाही.

तांत्रिक अडचण वेगळीच होती. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि माणसाचे डोके म्हणजे बहुतांशी पाणीच. एका कानातून दुसऱ्या कानात संदेश पोचवणे हे खोलीच्या पलीकडे पोचवण्याइतकेच अवघड ठरले. सुरुवातीच्या बहुतेक बड्समध्ये फोनचे बोलणे एकाच बडशी चाले आणि तो दुसऱ्याला पुढे देई. साहजिकच त्याची बॅटरी आधी संपे, आणि खिशातल्या फोनची बाजू बदलली की आवाज तुटे. पुढे दोन्ही बड्सना फोनकडून थेट ऐकता येईल अशा चिप आल्या, त्या स्वस्त झाल्या, आणि २०२२ पर्यंत हजाराच्या आतल्या जोड्यांनी ऑनलाइन विक्रीची पाने भरून गेली.

मधल्या काळात आपल्याकडे राज्य केले ते नेकबँडने. मुंबईच्या लोकलमध्ये किंवा स्वारगेटच्या गर्दीत बड कानातून निसटला की गेलाच, नेकबँड गळ्यात लटकून राहतो. ही अडचण काही आपल्याच गर्दीची नव्हती. टोकियोत २०२० च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत एका रेल्वे कंपनीच्या ७८ स्थानकांवर रुळांत पडलेल्या बिनतारी इअरफोनच्या सुमारे ९५० घटना नोंदल्या गेल्या. ते वर उचलायला खास व्हॅक्यूम क्लीनरही तयार करावा लागला. टाळेबंदीत घरातल्या प्रत्येकाला स्वतःचा माइक लागू लागला, शाळा आणि ऑफिस एकाच खोलीत आले. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात अशा कानात घालायच्या उपकरणांसाठी टप्प्याटप्प्याच्या आयात शुल्काची घोषणा झाली, म्हणजे जुळणी इथे व्हावी. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बससेवेने हेडफोनशिवाय मोबाइलवर गाणी-व्हिडिओ मोठ्याने लावायला बंदी केली. त्यामुळे आज प्रश्न घ्यायचे की नाही हा उरलेला नाही, कोणते घ्यायचे एवढाच आहे.

आता ‘नॉइज कॅन्सलेशन’कडे.

आवाजाच्या लाटेला बरोबर उलटी लाट भिडवली तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात, ही कल्पना १९३० च्या दशकातली. १९३६ मध्ये एका जर्मन संशोधकाला तिच्यावर अमेरिकी पेटंट मिळाले, पण ती प्रत्यक्षात आणण्याइतकी चपळ इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हती. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला परतणाऱ्या एका प्राध्यापकाने विमानातला हेडफोन कानाला लावला, इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडालेले पाहिले आणि उतरण्याआधी गणिताची सुरुवात केली. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक. पुढे १९८६ मध्ये इंधन न भरता, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या विमानाच्या दोन वैमानिकांनी या तंत्राचे नमुना हेडसेट वापरले. त्या उड्डाणाला नऊ दिवस लागले होते. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी ते विक्रीला आले आणि २००० च्या सुमारास प्रवाशांसाठी. हीच एएनसीची वाट. तिचा उद्देश पहिल्यापासून एकच होता : ऐकणाऱ्याच्या कानात शांतता.

दुसरी वाट माइकची, आणि तीही तितकीच प्रतिष्ठित. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याकडे ओठांजवळ बसवायचे माइक होते. दूरचा गोंगाट पडद्याच्या दोन्ही बाजूंनी सारखाच येऊन रद्द होई, जवळचे बोलणे तेवढे उरे. त्यांनाही ‘नॉइज कॅन्सलिंग’च म्हणत. २०१० च्या आसपास फोनच्या पाठीवर दुसरा बारीक माइक आला तो याच कामासाठी. आज बड्समध्ये दोन-चार माइक आणि चिपमधले गणित मिळून हे होते. त्याचे बाजारातले नाव ईएनसी, म्हणजे ‘परिसरातला गोंगाट’ रद्द करणे. परिसर तुमचा, पण शांतता मिळते ती पलीकडच्या व्यक्तीला. तुम्ही दादरच्या पुलावरून आईला फोन केलात तर आईला तुमचे बोलणे स्वच्छ ऐकू येईल. तुमच्या कानात दादर जसेच्या तसे राहील.

दोन्ही तंत्रे खरी आहेत. बोट ठेवायला हवे ते नावावर. ‘परिसर’ हा शब्द वाचणाऱ्याला आपल्याभोवतीची शांतता सुचवतो, आणि ज्या बॉक्सवर एएनसी नाही त्यावर ईएनसी मोठ्या अक्षरांत छापले की ग्राहकाने तसाच अर्थ घ्यावा अशी सोय होते. ‘कॉलसाठी स्वच्छ माइक’ असे छापायला जागा पुरली असती. हे मला क्षुल्लक वाटत नाही, कारण प्रश्न कानाच्या आरोग्याचा आहे. सुरक्षित श्रवणाच्या २०१९ मध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकात प्रौढांसाठी मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलने ४० तास अशी आहे, आणि आवाज तीन डेसिबलने वाढवला की वेळ निम्मा होतो. बसमध्ये किंवा लोकलमध्ये माणूस आवाज वाढवतो तो बाहेरच्या घरघरीवर मात करायला. कानात शांतता असेल तर आवाज कमी ठेवता येतो. ईएनसीला एएनसी समजून घेतलेले बड्स मात्र रोज दोन तास पूर्ण आवाजात वाजतात.

एएनसी मिळाले तरी त्याची मर्यादा त्याच्या विमानातल्या जन्माशीच जोडलेली आहे. ते सलग, खोल आवाज खाते : विमानाचे इंजिन, बसची घरघर, एसी, पंखा. पाच हजार हर्ट्झच्या आवाजाची लाट जेमतेम सात सेंटिमीटरची असते, आणि तिला वेळेवर उलटी लाट भिडवणे चिपला जमत नाही. रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी, शेजारच्या बाळाचे रडणे यांच्यावर काम करतो तो बडच्या टोकाचा सिलिकॉनचा रबर, तोही नीट बसला तरच. डबीबरोबर तीन मापांचे रबर येतात आणि बहुतेक जण मधले माप घालून बाकीचे पिशवीतच ठेवतात. माप चुकले की फट राहते, खोल आवाज त्यातून निसटतो आणि एएनसीही कमजोर होते. रबर नसलेल्या, कानाच्या तोंडाशी नुसत्या टेकणाऱ्या बड्समध्ये एएनसीचे काम पहिल्यापासूनच अर्धे असते. अशा बड्सचा आवाज पातळ वाटणाऱ्याला ‘१३ मिमी’ हा आकडा काही मदत करत नाही. ड्रायव्हर केवढा यापेक्षा कानात फट किती हे जास्त मोजते.

बॉक्सवर एएनसीपुढे छापलेल्या ‘३२ डीबीपर्यंत’, ‘५० डीबीपर्यंत’ (डीबी म्हणजे डेसिबल) या आकड्यांतला महत्त्वाचा शब्द ‘पर्यंत’. एखाद्या सोयीच्या खोल सुरावर मिळालेली सर्वाधिक घट ती. सगळ्या आवाजांवर तेवढी घट होते असा त्याचा अर्थ नाही. ‘४० तास’ही असेच. ते डबीतल्या चार्जसकट, एएनसी बंद ठेवून आणि मध्यम आवाजात मोजलेले असतात. एका बैठकीत बड किती तास चालतो हा आकडा बॉक्सच्या मागच्या बाजूला सापडतो. ‘आयपीएक्स४’मधल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी नोंदलेली नाही, आणि चार म्हणजे शिंतोडे. घामाला आणि जूनच्या पहिल्या सरीला ते पुरते. खिशात विसरून कपडे धुवायला टाकले तर ते वाचवणार नाही. डबीला बहुधा तेवढेही संरक्षण नसते.

माइकच्या जुन्या दुखण्यावरचा उपाय आता आला आहे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या आणि २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या ब्लूटूथच्या एलई ऑडिओ मानकात नवे कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवण्याची पद्धत, आहे आणि बोलण्या-ऐकण्याच्या वाटा वेगळ्या ठेवाव्या लागत नाहीत. मात्र ते फोन किंवा लॅपटॉप आणि बड्स या दोघांतही असावे लागते. ‘ब्लूटूथ ५.३’ एवढे छापलेले असणे म्हणजे एलई ऑडिओ असणे नव्हे. दोन्हींकडे तो शब्द स्पष्ट लिहिलेला आहे का, ते पाहावे लागते.

राहता राहिली बॅटरी, जिचे वर्णन बॉक्सवर कधीच पुरेसे नसते. बडच्या पोटात तीस ते साठ मिलिअँपिअर-तासांचा इवलासा सेल असतो. तो रोज भरतो, रोज रिकामा होतो आणि दोन-तीन वर्षांत दमतो. बड चिकटवून बंद केलेला असल्याने दुरुस्तीवाले बहुधा हात लावत नाहीत. नेकबँडचा सेल मोठा असतो आणि त्याला तारा जोडलेल्या असतात, तो उघडून नवा लावून देणारे कारागीर अजून मिळतात. वायरच्या इअरफोनमध्ये दमणारे काही नसते, पिनेजवळ वायर तुटली तर डाग दिला की झाले. युरोपीय महासंघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या, सोबत नेण्याजोग्या छोट्या उपकरणांची बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता यायला हवी. उघडता येणारे बड्स त्यामुळे आले, तर तेच साचे आपल्याकडेही पोचतील. तोवर इथल्या बॉक्सवर बॅटरी किती वर्षे टिकेल याचा आकडा छापलेला नाही.