नाकामुराची फ्री किक भिंतीपलीकडे का वळते?

21 नोव्हेंबर 2006, ग्लासगो. फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सेल्टिक आणि मँचेस्टर युनायटेड 0-0 वर अडकलेले. 81व्या मिनिटाला सेल्टिकच्या शुनसुके नाकामुराने जवळपास 27 मीटरवरून डाव्या पायाने फ्री किक मारली आणि चेंडू युनायटेडचा गोलकीपर एडविन व्हॅन डर सारला चकवून वरच्या कोपऱ्यात शिरला. दोनच महिने आधी युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर त्याने याच गोलकीपरला फ्री किकवरच हरवलं होतं. नाकामुरा 2022 मध्ये, 44व्या वर्षी निवृत्त झाला, पण या फ्री किकचे व्हिडिओ अजून इंटरनेटवर फिरतात. लोक तो क्षण पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघतात, कारण चेंडू नेमका कुठे वळला हे एका नजरेत सापडतच नाही.

डाव्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडूच्या डाव्या भागावर फटका बसला, की चेंडू वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागतो. त्याचा उजवा पृष्ठभाग मागे सरकणाऱ्या हवेसोबत जातो, डावा तिच्या विरुद्ध. चेंडूमागची हवा त्यामुळे डावीकडे ढकलली जाते आणि चेंडू उजवीकडे. हाच मॅग्नस परिणाम. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत सरकतो, तोही यामुळेच.

आता आकडे घालून पाहू. चेंडूचं वजन 410 ते 450 ग्रॅम. वेग सेकंदाला 27 मीटर आणि फिरकी सेकंदाला 8 ते 10 फेरे असतील, तर बाजूचा जोर साधारण साडेतीन न्यूटन भरतो. एका सेकंदात चेंडू सुमारे 4 मीटर बाजूला जातो. पण हे सरकणं वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. बचाव करणाऱ्या खेळाडूंची भिंत 9.15 मीटरवर, म्हणजे वाटेच्या एक तृतीयांशावर. तिथवर चेंडू सरकलेला असतो फक्त एक नवमांश, जेमतेम 45 सेंटीमीटर! उरलेले साडेतीन मीटर भिंतीपलीकडचे. गोलकीपरला चेंडू भिंतीमागून उशिरा दिसतो, त्यात माणसाचा डोळा बाजूचं त्वरण ओळखण्यात कच्चा. असा चेंडू कुठे पोहोचेल याचा अंदाज कसलेल्या गोलकीपरचाही चुकतो, हे प्रयोगांत दिसलं आहे.

स्वतः मारून पाहायची असेल तर तिरकं धावत या, टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी ठेवा, घोटा घट्ट धरा आणि मध्यापासून बाजूला, किंचित खाली फटका मारून पाय वर ओढा. वर ओढल्याने थोडी पुढची फिरकीही मिळते आणि चेंडू क्रॉसबारखाली उतरतो. शरीर मागे झुकलं की चेंडू आकाशात जातो. फटका मध्यावर बसला तर वेग मिळतो, वळण नाही. फार कडेला बसला तर फिरकी असून वेग नाही. ओल्या चेंडूवर फिरकी थोडी घटते, पण फटक्याच्या जागेइतका फरक त्याने पडत नाही.

फिरकी मोजायला चेंडूवर मार्करने जाड ठिपका काढा आणि मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो मोशन लावा. ठिपका 30 फ्रेमनी परत त्याच जागी आला, तर फिरकी सेकंदाला 8 फेरे. नेहमीच्या 30 फ्रेमच्या व्हिडिओत एका फेऱ्याला चारसुद्धा फ्रेम मिळत नाहीत, म्हणून त्यात फिरकी धूसर दिसते.