तीन टक्क्यांवरून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत : श्रीलंकेच्या मतदाराचा कल कसा फिरला

नोव्हेंबर २०१९ मध्ये श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अनुरा कुमार दिसानायके यांना ३.१६ टक्के मते पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच माणसाला ४२.३१ टक्के. याच पाच वर्षांत राजपक्ष घराण्याच्या उमेदवाराची मते ५२.२५ टक्क्यांवरून २.५७ टक्क्यांवर आली. उमेदवार वेगळा होता, घराणे तेच. दक्षिणेतल्या सिंहली पट्ट्यात २०१९ ला राजपक्षांच्या ‘कमळकळी’ या चिन्हाला मत देणारा आणि २०२४ ला दिसानायके यांच्या ‘होकायंत्रा’ला देणारा मतदार बहुतांशी एकच होता, हे लक्षात घेतले की बाकीचे समजायला सोपे जाते.

दिसानायके यांचा मूळ पक्ष जेव्हीपी, म्हणजे जनता विमुक्ती पेरामुना, हा मार्क्सवादी विचारांचा. १९७१ आणि १९८७ ते ८९ असे त्याचे दोन सशस्त्र उठाव झाले आणि दोन्ही चिरडले गेले. दुसऱ्या वेळी भारतीय शांतिसेना आणणाऱ्या १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराविरोधातला राग त्याला इंधन होता. १९८८ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीवर पक्षाने बहिष्कार पुकारला, मतदानाला जाणाऱ्यांना धमक्या गेल्या आणि मतदान ५५ टक्क्यांवर अडकले. खेड्यापाड्यांतल्या आजच्या आजी-आजोबांना ती वर्षे अजून आठवतात. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पक्षाची मजल चार टक्क्यांची: १९८२ ला ४.१९, १९९९ ला ४.०८. मधल्या काळात तो कधी सत्तेत वाटेकरी झाला, कधी दुसऱ्याच्या उमेदवारामागे उभा राहिला. दिसानायके स्वतः २००४ मध्ये काही काळ कृषिमंत्री होते आणि २०१४ मध्ये पक्षाचे नेते झाले. २०१९ च्या निवडणुकीसाठी संघटना, प्राध्यापक, व्यावसायिक यांना जोडून ‘एनपीपी’ (नॅशनल पीपल्स पॉवर) ही आघाडी उभी केली, तरी आकडा तीनवरच राहिला. २०२० च्या संसदेत २२५ पैकी जागाही तीनच.

म्हणजे लोकांना हा माणूस माहीत नव्हता असे नाही. भ्रष्टाचारावरची त्याची भाषणे लोक आवडीने ऐकत आणि मत देताना दुसरीकडे वळत. ‘माणूस चांगला, पण मत वाया जाईल’ हा हिशेब आपल्याकडच्या मतदाराला वेगळा सांगायला नको.

तो हिशेब मोडला २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत. एप्रिल २०२१ च्या अखेरीस सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. नोव्हेंबरात निर्णय फिरवला, तोवर शेतकऱ्याचा हंगाम गेला होता. मग डॉलर संपले. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जफेड थांबवली. पेट्रोलच्या रांगा दिवसच्या दिवस हलत नव्हत्या. जुलैअखेरीस क्यूआर कोडवर इंधन मिळू लागले ते दुचाकीला आठवड्याला ४ लिटर. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले आणि गोटाबाया राजपक्ष काही दिवसांत देश सोडून गेले.

उरलेल्या मुदतीसाठीचा राष्ट्राध्यक्ष मात्र मतदाराने निवडला नाही, संसदेने निवडला. २० जुलैच्या मतदानात रनिल विक्रमसिंघे यांना १३४ मते, प्रतिस्पर्ध्याला ८२ आणि दिसानायके यांना ३. विक्रमसिंघे यांच्या पक्षाला २०२० मध्ये एकही मतदारसंघातली जागा मिळाली नव्हती, ते स्वतः राष्ट्रीय यादीतून, म्हणजे पक्षाच्या देशभरातल्या मतांच्या प्रमाणात मिळणाऱ्या जागेवर, आलेले पक्षाचे एकमेव खासदार होते. लोकांनी नाकारलेला माणूस लोकांनी हाकललेल्या राजपक्षांच्या खासदारांच्या मतांवर खुर्चीत बसला, ही भावना इथूनच पक्की झाली. मार्च २०२३ ची स्थानिक निवडणूक पैसे नाहीत म्हणून लांबली, तेव्हा तर त्या भावनेला पुरावाच मिळाला. विक्रमसिंघे यांच्या बाजूने बोलायचे तर रांगा त्यांच्याच काळात संपल्या, नाणेनिधीचे सुमारे ३ अब्ज डॉलरचे कर्ज त्यांनीच आणले. पण वीजबिल आणि व्हॅट वाढले तेही त्यांच्याच काळात, आणि मतदाराच्या हातात येत होते ते बिल.

या मधल्या रिकाम्या दोन वर्षांत एनपीपीने गावोगाव बैठका घेतल्या. महिलांचे मेळावे वेगळे, निवृत्त सैनिकांचे वेगळे, परदेशांतल्या श्रीलंकनांचे वेगळे. जेव्हीपीला एकेकाळी लष्कराने संपवले होते, त्यामुळे माजी सैनिक त्यांच्या व्यासपीठावर बसलेले दिसणे हे अनेक घरांसाठी जुनी भीती मोडणारे ठरले असावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारत सरकारने दिसानायके यांना दिल्लीला बोलावले. ज्या पक्षाने भारताच्या ‘विस्तारवादा’वर कार्यकर्त्यांचे वर्ग घेतले, त्याच्या नेत्याला बोलावणे म्हणजे दिल्लीनेही वारा ओळखला होता.

आता ज्या मुद्द्यावर अजून वाद चालतो तो : त्यांना नेमकी किती मते मिळाली?

१९७८ च्या राज्यघटनेने थेट निवडून येणारा राष्ट्राध्यक्ष आणला आणि त्याला निम्म्याहून जास्त वैध मतांची अट घातली. दुसरी फेरी टाळण्यासाठी मतपत्रिकेवर तीन पसंतीक्रम देण्याची सोय केली. विधान परिषदेची निवडणूक पाहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल, पण दोन फरक आहेत. आपल्याकडे आकड्याऐवजी खूण केली की मत बाद होते, तिथे नुसती एक फुली पहिली पसंती म्हणून चालते. आणि तळातला उमेदवार एकेक करून बाद होत नाही. पहिले दोघे सोडून बाकी सगळे एकदम बाद होतात आणि त्यांच्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी कोणाला पुढची पसंती आहे एवढेच पाहतात. १९८२ पासूनच्या आठ निवडणुकांत याची गरजच पडली नाही, त्यामुळे मतदाराला फुलीचीच सवय लागली. आपल्याकडे १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीवर राष्ट्रपती झाले, पण ते मतदार आमदार-खासदार होते, पढवून आलेले.

२०२४ ला पहिल्यांदाच दुसरी मोजणी झाली. दिसानायके ५६,३४,९१५ आणि विरोधी पक्षनेते सजित प्रेमदास ४३,६३,०३५ मतांवर होते. विक्रमसिंघे यांच्यासह बाद झालेल्यांची मते ३३ लाख २१ हजार. त्यांतून दिसानायके यांना १,०५,२६४ आणि प्रेमदास यांना १,६७,८६७ मते गेली. म्हणजे शंभरातल्या जेमतेम आठ पत्रिका उपयोगी पडल्या, बाकीच्यांनी या दोघांपैकी कोणालाच पुढची पसंती दिली नव्हती. जाहीर झालेला अंतिम निकाल ५५.८९ टक्के, कारण तो दोघांच्याच बेरजेवर काढलेला. सगळ्या १ कोटी ३३ लाख वैध मतांवर काढला तर ४३.१.

समर्थक पहिला आकडा सांगतात, विरोधक दुसरा. कायद्याने निवड निर्विवाद आहे. पण ‘निम्म्याहून जास्त’ हे घटनेतले वचन फुलीच्या सवयीमुळे कागदावरच राहिले, आणि आठ निवडणुका मतदाराला ते कोणी धड समजावून सांगितले नाही, ही जबाबदारी यंत्रणेची आणि सगळ्याच पक्षांची. मला दुसऱ्या मोजणीत जास्त बोलके वाटते ते हे की हस्तांतरित मतांत प्रेमदास पुढे होते. ज्यांना दिसानायके पहिल्या पसंतीचे वाटले नाहीत, त्यांना ते दुसऱ्या पसंतीचेही फारसे वाटले नाहीत. होता तो उत्साह घट्ट होता, पसरट नव्हता.

उत्तरेत तर तो नव्हताच. जाफना जिल्ह्यात दिसानायके यांना सात टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, तमिळ भागाने प्रेमदासांना कौल दिला. दोन महिन्यांनी, १४ नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत, त्याच जाफन्यात सहापैकी तीन जागा एनपीपीने घेतल्या. देशभरात मतदान ७९ टक्क्यांवरून ६९ वर घसरले, तरी पक्षाची मते १२ लाखांनी वाढून ६८ लाखांवर गेली, टक्केवारी ६१.५६ आणि जागा १५९. सप्टेंबरात काठावर बसलेले बरेच जण नोव्हेंबरात आत आले. त्यांत जिंकलेल्याच्या बाजूने जाणारेही असणारच.

मे २०२५ मध्ये लांबलेली स्थानिक निवडणूक अखेर झाली. एनपीपीने बहुतेक संस्था जिंकल्या, मते मात्र ४३ टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे जवळपास सप्टेंबरच्याच आकड्यावर. कोलंबो महापालिकेत ११७ पैकी ४८ जागा मिळाल्या. जूनमध्ये महापौरपद ६१ विरुद्ध ५४ मतांनी मिळाले, तेही गुप्त मतदानाने आणि इतरांची मते घेऊन.