टायरवर छापलेला आकडा तुमच्या गाडीचा नाही

परवा एक उद्योग केला. जॅक चालतोय का ते बघायचं होतं म्हणून पुढचं एक चाक उचललं, आणि चाक हवेत आहेच तर म्हटलं गेज लावून टायरमधल्या हवेचं प्रेशर बघू. ३२ पीएसआय (पौंड दर चौरस इंचाला). मग गाडी खाली उतरवली, सगळं वजन चाकावर आलं, परत गेज लावला तर काटा जवळपास तिथेच. तीन-साडेतीनशे किलो अंगावर घेऊनसुद्धा आतल्या हवेला काही फरक नाही. मला वाटलं गेज खराब झालाय, पण गेज बरोबरच होता.

झालं काय, तर वजन आलं की टायर खाली जरासा चपटा होतो, पण त्याने आतली जागा अगदी थोडी कमी होते, त्यामुळे प्रेशर फारसं वाढत नाही. वाढतं ते रस्त्याला टेकलेलं क्षेत्रफळ. टायर तेवढाच चपटा होतो जेवढ्यात हिशोब जुळेल. समजा गाडी १२०० किलोची आहे, एका चाकावर ढोबळमानाने ३०० किलो (खरं तर इंजिन पुढे असेल तर पुढच्या चाकांवर जास्त येतं, पण चालेल). ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. ३०० भागिले २.२५, म्हणजे १३३ चौरस सेंटिमीटर. आपल्या हाताच्या पंजाएवढी जागा. टायरच्या भिंतीही थोडं वजन पेलतात, त्यामुळे आकडा इकडेतिकडे होईल, पण मुद्दा हा की ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं त्या चार पंजांवर चाललेलं असतं, आणि त्या पंजाचा आकार ठरतो दोनच गोष्टींनी, वर किती वजन आहे आणि आत किती हवा आहे.

आता यातूनच कळतं की टायरला स्वतःचं असं 'योग्य प्रेशर' असूच शकत नाही. तोच टायर हलक्या गाडीला पण लागतो आणि जड गाडीला पण, तो कुठल्या गाडीखाली जाणारे हे टायर बनवणाऱ्याला थोडीच माहिती असतं. टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरात ४४ किंवा ५१ पीएसआय असं काहीतरी लिहिलेलं असतं ती मर्यादा आहे, थंड टायरमध्ये याच्यावर भरू नका एवढाच तिचा अर्थ. ते वाचून तेवढी हवा भरणारे लोक मी बघितलेत, आणि मग म्हणतात गाडी उडते फार. उडणारच!

खरा आकडा गाडीवर असतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर दिसतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, नाहीच सापडला तर मॅन्युअल. बऱ्याचदा तिथे दोन आकडे असतात, एक दोघं-तिघं बसल्यावरचा आणि एक गाडी माणसं-सामानाने भरल्यावरचा, आणि दुसऱ्यात मागच्या चाकांचा आकडा चांगलाच वाढलेला असतो कारण डिकीतलं सामान मागेच येतं ना. लांबच्या प्रवासाला पाच जण आणि बॅगा घेऊन निघताना हा दुसरा आकडा बघायला हवा, आणि नेमका तोच कोणी बघत नाही.

कमी हवेचा खरा त्रास म्हणजे उष्णता. टायरचा प्रत्येक तुकडा रस्त्याला टेकला की चपटा होतो आणि सुटला की परत गोल होतो, आणि ८० च्या स्पीडला हे सेकंदाला ११-१२ वेळा चालू असतं. रबराला वाकवायला जेवढी ऊर्जा लागली तेवढी सगळी ते परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून आतच राहते. तार एकाच जागी चार वेळा वाकवली की हाताला गरम लागते, साधारण तसंच. हवा कमी तर वाकणं जास्त, वाकणं जास्त तर गरम जास्त, आणि त्यात स्पीड आणि भरलेली गाडी आली की आतले स्टीलचे पट्टे आणि रबर यांची साथ सुटायला लागते. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन या टायर कंपनीने फोर्ड एक्सप्लोररसारख्या गाड्यांना लावलेले जवळपास ६५ लाख टायर परत बोलावले, त्यावरून फोर्ड आणि फायरस्टोन यांच्यात जे भांडण झालं त्यात एक मुद्दा हाच होता, फोर्डचा आकडा २६ पीएसआय आणि फायरस्टोनचा ३०. कारणं बरीच होती आणि दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. पण त्याच वर्षी तिथे जो कायदा झाला त्यातून पुढे डॅशबोर्डवरचा तो टायर प्रेशरचा पिवळा दिवा सक्तीचा झाला.

त्या दिव्याची पण एक गंमत आहे. अमेरिकन नियमात तो स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की लागला पाहिजे असं आहे. म्हणजे ३२ चे २४ होईपर्यंत तो गप्प बसला तरी नियमात बसतं. आणि काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच, एबीएसच्या (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मदतीने फक्त कुठलं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरतंय ते बघितलं जातं (हवा गेली की चाकाची उंची किंचित कमी होते, म्हणून ते जास्त फिरतं), मग चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर अशा सिस्टिमला पटकन कळत नाही.

२४ आणि ३२ मधला फरक पावसात बघा. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना टायर एका स्पीडनंतर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि त्यावरच तरंगायला लागतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवर काम करून यासाठी एक सोपं सूत्र काढलं होतं, प्रेशरचं वर्गमूळ गुणिले १०.३५, उत्तर ताशी मैलांत. ३२ पीएसआयला येतात ताशी ९४ किलोमीटर, २४ ला ८२. कारच्या टायरला नक्षी असते, त्यामुळे हे जसंच्या तसं लागू नाही, झिजलेल्या टायरला जास्त लागू, पण दिशा तीच.

जास्त हवेचं थोडक्यात सांगतो. पंजा लहान होतो, टायर मधोमध झिजतो, खड्ड्याचा दणका सरळ रिमला. मायलेज वाढेल म्हणून भरत असाल तर अमेरिकन ऊर्जा खात्याचा अंदाज असा की चारही चाकांत सरासरी १ पीएसआय कमी असेल तर मायलेज ०.२ टक्के पडतं. तेवढ्यासाठी उलट्या बाजूला जाऊन ब्रेक बिघडवण्यात काय अर्थ आहे.

मोजायचं कधी, तर टायर थंड असताना. थंड म्हणजे हाताला गार नव्हे, गाडी तीनेक तास उभी असायला हवी किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चाललेली. गेजवरचे ३२ हे बाहेरच्या हवेपेक्षा ३२ जास्त असतात, खरं प्रेशर त्यात वातावरणाचे १४.७ मिळवून पावणेसत्तेचाळीसच्या आसपास, आणि तापमानाचा हिशोब या पूर्ण आकड्यावर चालतो. त्यामुळे १० अंशाला जवळजवळ दीड पीएसआय फरक पडतो. तासभर पळवून आणलेल्या गाडीत ३६ दिसले म्हणून हवा सोडली की सकाळी २८ व्हायला वेळ लागत नाही. गरम टायरची हवा सोडायची नाही. पंपावर गरमच भरावी लागली तर तीन-चार जास्त भरा आणि सकाळी घरी गेज लावून नीट करा. स्वतःचा गेज हवाच, नजरेने किंवा लाथ मारून कळत नाही, रेडियल टायर पूर्ण भरलेला असला तरी खाली थोडा फुगलेलाच दिसतो.

नायट्रोजनबद्दल हमखास विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. वस्तू तपासून बघणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन ग्राहक संस्थेने वर्षभर टायर ठेवून बघितले तेव्हा साध्या हवेचे सरासरी ३.५ पीएसआय गेले आणि नायट्रोजनचे २.२. फरक आहे, पण महिन्यातून एकदा गेज लावणाऱ्याला तो जाणवणार पण नाही.

राहता राहिली स्टेपनी, जिच्याकडे तो डॅशबोर्डवरचा दिवा पण बहुतेक वेळा बघत नाही. ती बारक्या टायरची, तात्पुरती वापरायची असेल तर तिच्यात ३२ भरू नका. तिला साधारण ६० पीएसआय लागतात आणि ८० च्या वर पळवायची नसते, आणि हा आकडा मात्र टायरवरच लिहिलेला असतो.