25 मीटरला 31 हात

मला पोहता येतं, अशी माझी पस्तीस वर्षं समजूत होती. पाचवीच्या मे महिन्यात आजोळच्या विहिरीत मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधला, कमरेला दोर अडकवला आणि ढकलून दिलं. गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेलं. आठवड्याभराने डबा सुटला. त्यानंतर ‘पोहता येतं का?’ या प्रश्नाला मी कायम ‘हो’ म्हणत आलो.

सेहेचाळिसाव्या वर्षी साखर काठावर आली, गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून पुण्यातल्या एका टँकवर मोठ्यांच्या बॅचमध्ये नाव घातलं. वेळ पहाटे पावणेसहाची. सिंहगड मी न थांबता चढतो, त्यामुळे दमाची काळजी नव्हती. टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हणजे एक लेंग्थ. अशा दोन झाल्या आणि मी कठड्याला लटकलो, भाता चालावा तशी छाती चालू. शेजारच्या लेनमध्ये साठी ओलांडलेल्या एक काकू येत होत्या, वळत होत्या, जात होत्या. त्यांना धापही लागलेली नव्हती. कोच माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तो म्हणाला, “काका, दम नंतर बघू. आधी हात मोजा.”

म्हणजे पाण्यात किती वेळा हात मारला ते. मोजले. 25 मीटरला 31 हात. काकूंचे 19.

पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट असतं. जमिनीवर चालताना हवेचा अडथळा आपल्या खिजगणतीत नसतो. पाण्यात मात्र पुढे जायचं तर समोरचं पाणी बाजूला सारावंच लागतं आणि त्यातच बहुतेक ताकद संपते. वेग दुप्पट केला की पाण्याचा रोध चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद आठपट. नुसतं दहा टक्के जोरात जायचं ठरवलं तरी ताकद तेहेतीस टक्के जास्त लागते. 2009 साली उसेन बोल्ट शंभर मीटर 9.58 सेकंदांत धावला, म्हणजे सरासरी ताशी साडेसदतीस किलोमीटरने. त्याच वर्षी ब्राझीलचा सेझार सिएलो पन्नास मीटर 20.91 सेकंदांत पोहला. तो वेग भरतो ताशी 8.6 किलोमीटर. तेवढ्या वेगाने सकाळी मैदानावर जॉगिंग करणारी माणसं कितीतरी दिसतात.

तेच वर्ष पोहण्याच्या इतिहासात आणखी एका गोष्टीसाठी गाजलं. अंगाला घट्ट बसणारे पॉलियुरेथेनचे पोशाख घालून खेळाडू रोमच्या जागतिक स्पर्धेत उतरले आणि आठ दिवसांत 43 विश्वविक्रम मोडले गेले. स्नायू रातोरात बळकट झाले नव्हते. अंग पाण्यात जरा वर राहत होतं आणि पाणी त्यावरून जरा सहज सरकत होतं, एवढंच. 2010 उजाडताच त्या पोशाखांवर बंदी आली. आपल्याला तो पोशाख मिळणार नाही आणि मिळाला तरी पोट बघता तो चढणार नाही. पण बंदी नसलेला एक उपाय आहे : आडवं होणं.

माझी अडचण नेमकी तिथे होती. विहिरीत आम्ही मुंडी वर काढून पोहायचो. डोकं असतं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते पाण्यात असतं तेव्हा त्याचा जवळजवळ सगळा भार पाणीच उचलतं. बाहेर काढलं की तो भार उरलेल्या अंगावर येतो, आणि तेवढा तोलायला अंगाचा दुसरा कुठला तरी भाग आणखी पाण्यात जावाच लागतो. आर्किमिडीजपुढे वशिला चालत नाही. कुठला भाग जातो, हेही ठरलेलं आहे. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते, पाय मात्र जड. अंगाचा गुरुत्वमध्य कमरेपाशी असतो, आणि पाण्याचा वर उचलणारा जोर जिथे एकवटतो तो बिंदू थोडा छातीकडे. त्यामुळे सरळ झोपलं तरी पाय खाली जायला बघतातच. त्यात डोकं वर काढलं की सी-सॉ पुरता कलंडतो. मग माणूस आडवा न राहता तिरपा होतो आणि दाराची फळी पाण्यातून ओढत न्यावी तसा स्वतःला ओढत नेतो.

पाय बुडायला लागले की आपण ते जोरजोरात मारतो. हा खर्च फार महागात पडतो. मांड्यांचे स्नायू अंगातले सगळ्यांत मोठे, ऑक्सिजन पिण्यात आघाडीवर. पण फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं होऊन आळीपाळीने हात मारत पोहताना, पुढे नेण्याचं बहुतेक काम हातांचं असतं. सिंहगड चढवणारे पाय पाण्यात मला नुसते दमवत होते. बायकांच्या अंगातली चरबी साधारणपणे कमरेखाली जास्त असते, त्यामुळे त्यांचे पाय आपसूक वर राहायला मदत होते. काकूंचा थोडा फायदा तिथेही आहे. पण 19 हातांचं सगळं श्रेय चरबीला देणं हा माझा मत्सर झाला.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक असतं तरी उपयोग झाला नसता, कारण मी तिरपा पोहतो हे मला मान्यच नव्हतं. पाय पाण्याच्या पृष्ठभागाशी आहेत, असं मला आतून अगदी स्पष्ट जाणवायचं. दुसऱ्या आठवड्यात कोचने मोबाइल पाणीबंद पिशवीत घालून पाण्याखालून माझा व्हिडिओ काढला. काठावर ओलेत्याने बसून तो बघितला. पाय पृष्ठभागापासून दीड-दोन फूट खाली लोंबत होते, गुडघे सायकल चालवत होते आणि उजवा हात प्रत्येक वेळी डोक्यापुढून डावीकडे जात होता. मी चार वेळा विचारलं, “हा मीच ना?”

आपलं अंग कुठे आहे हे मेंदूला स्नायूंतून आणि सांध्यांतून कळतं, पण त्या खबरींचा अर्थ लावायचं वळण मेंदूला जमिनीवर लागलेलं असतं. जमिनीवर तळव्यांवरचा दाब, भिंतीची सरळ रेघ, वजन, सगळे साक्षीला असतात. पाण्यात वजन जातं, तळवे अधांतरी, आणि स्वतःकडे वळून बघावं तर त्यानेच अंग वाकडं होतं. त्यातून पस्तीस वर्षांची सवय ‘हेच बरोबर आहे’ असं आतून सांगत राहते. म्हणून एकट्याने रोज चाळीस लेंग्थ मारणारे लोक वर्षानुवर्षं तेवढेच दमतात. रोज त्याच चुकीचा सराव होतो. बॅच लागते ती या कारणासाठी. काठावर दुसरे डोळे हवेत.

आणि त्या डोळ्यांना बोलताही यायला हवं. आधी मी एका मित्राकडून शिकत होतो. तो सांगायचा, “कोपर वर, मनगट सरळ, खांदा फिरव.” पाचव्या हाताला माझा पार गोंधळ. हा कोच फक्त म्हणतो, “पाणी मागे ढकला” आणि “तळाची फरशी बघा.” गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने हौशी आणि तयार खेळाडूंवर वर्षानुवर्षं हाच प्रश्न तपासला आहे. लक्ष स्वतःच्या अवयवांवर न ठेवता अवयवांनी घडणाऱ्या परिणामावर ठेवलं की हालचाल सुधारते, असं तिच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं. पोहणाऱ्यांवरच्या प्रयोगांतही ‘हात मागे ओढा’पेक्षा ‘पाणी मागे ढकला’ ही सूचना सरस ठरली. फरशी बघितली की मान आपोआप सरळ होते आणि पाय वर येतात. फरशीवरच्या काळ्या पट्टीतली एक तुटकी टाइल आता माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

श्वासाचं गणितही उलटंच निघालं. डोकं पाण्यात असताना मी श्वास कोंडून ठेवायचो आणि तोंड बाहेर आलं की त्या अर्ध्या सेकंदात सोडणं-घेणं दोन्ही उरकायला बघायचो. सोडणं पुरं व्हायचं नाही, मग घेणार कुठे? जीव घाबरा होतो तो बहुधा ऑक्सिजन कमी पडल्याने नाही. रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड मेंदूला टोचणी लावतो. पाण्याखाली नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडत राहिलं की बाहेर आल्यावर फक्त घ्यायचं काम उरतं. मला हे जमायला तीन आठवडे लागले आणि त्यानंतर निम्मी धाप गेली. इथे एक धोका सांगायलाच हवा. पाण्याखालून लांब जाण्याच्या पैजेआधी काही जण भराभर खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. टोचणी लागतच नाही आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो. चांगले पोहणारे असे गेले आहेत.

हातावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मानेपर्यंत पाण्यात उतरलं की पाण्याच्या दाबाने हातापायांतलं बरंच रक्त छातीकडे सरकतं. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकतं, म्हणून ठोके जमिनीवरच्या मानाने कमी पडतात. तेव्हा आकडा लहान दिसला म्हणजे व्यायाम झाला नाही असं समजू नये. छातीत रक्त वाढलेलं बघून शरीराला वाटतं पाणी फार झालं, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. टँकमध्ये उतरल्यावर लघवीला लागते ती यामुळे. बाहेर जाऊन यावं, कारण डोळे चुरचुरवणारा आणि ‘क्लोरीनचा’ म्हणून नाक मुरडायला लावणारा वास हा बहुतेक वेळा क्लोरीनचा नसतो. क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन झालेल्या क्लोरामाइनचा असतो. आंघोळ करूनच उतरावे, ही पाटी उगाच नसते.

मोठ्यांनी शिस्तीत पोहावं ही कल्पना रॅन्सम आर्थर या अमेरिकन नौदलाच्या डॉक्टरची. त्याचं म्हणणं होतं, समोर स्पर्धा असेल तर मोठी माणसं तब्येत सांभाळतील. 1970 च्या मे महिन्यात टेक्ससमधल्या अमरिलो गावी अशी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढे 1986 मध्ये टोकियोला पहिली जागतिक मास्टर्स, म्हणजे मोठ्यांची, स्पर्धा भरली. पंचविशी गाठली की यात उतरता येतं आणि झुंज आपल्याच वयोगटाशी असते. आमच्या बॅचमध्ये स्पर्धा म्हणजे शनिवारी भिंतीवरच्या घड्याळाशी. 25 मीटरला लागलेले सेकंद आणि हात यांची बेरीज करायची. ती उतरत गेली पाहिजे. नुसते हात कमी करायचे तर माणूस भिंतीला लाथ मारून नुसता घसरत राहील, नुसता वेळ कमी करायचा तर पाणी घुसळेल. बेरजेत दोन्ही लबाड्या पकडल्या जातात. माझी बेरीज 31 हात आणि 38 सेकंद, म्हणजे 69 वरून सुरू झाली. चार महिन्यांनी 24 आणि 34, म्हणजे 58. एका दमात मी अजूनही फार पोहत नाही. पंचवीस-पंचवीसचे आठ तुकडे, मध्ये वीस सेकंद थांबायचं. दमलेलं अंग जुन्या सवयीकडे पळतं, म्हणून ते बिघडायच्या आत थांबायचं.

पोहून सगळं साधतं असंही नाही. वजन पाण्यानेच तोलल्यामुळे गुडघे खूश असतात, पण हाडांवर भार येत नाही, म्हणून जिने आणि डंबेल्स सुटलेले नाहीत. आणि थंड पाण्यातून निघाल्यावर भूक खवळते. टँकसमोरचा पोहेवाला काही उगाच तिथे उभा राहत नाही.

या मे महिन्यात आजोळी गेलो. विहिरीला पाणी होतं. सूर मारला, फरशीच्या ऐवजी हिरवा अंधार बघत, बुडबुडे सोडत चार हात मारले, तेवढ्यात समोरची कपार डोक्याला लागली. वरून मामेभाऊ ओरडत होता, “अरे दादा, तोंड कुठे गेलं तुझं? बुडालास का काय?” विहिरीत पुढे कपार असते, मागून कोणी मुटका मारणार असतं, कधी पाणसापही असतो. मी मुंडी वर काढली आणि मामाने शिकवलं होतं तसा पोहत पायऱ्यांशी आलो.