गांधार कुठे लावायचा? मध्ययुगापासून बरोकपर्यंतच्या युरोपीय संगीताची पार्श्वभूमी

मध्ययुगापासून बरोकपर्यंतच्या, म्हणजे साधारण १७५०पर्यंतच्या, युरोपीय संगीताचा इतिहास बहुधा नावांनी सांगितला जातो: पेरोताँ, माशो, पालेस्त्रीना, मॉन्टेव्हर्दी, बाख. पण एका शैलीतून दुसरी का निघाली, हे नुसत्या नावांवरून कळत नाही. त्यासाठी त्या त्या काळात गांधार कुठे लावला जात होता हे पाहावे लागते. षड्ज-पंचमाचे नाते या सगळ्या काळात जवळपास स्थिर राहिले. गांधार मात्र दोन जागांमध्ये हलत राहिला आणि त्याच्याबरोबर रचनेची पद्धतही बदलत गेली.

आधी हिशेब. षड्ज सेकंदाला २४० आंदोलनांचा धरला तर पंचम ३६०. त्या पंचमाचा पंचम ५४०, त्याचा ८१० आणि त्याचा १२१५. हा शेवटचा स्वर दोन सप्तके खाली आणला की ३०३.७५ आंदोलनांचा गांधार मिळतो. याला पायथागोरसचा गांधार म्हणतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार मात्र ५:४ या प्रमाणात असतो, म्हणजे बरोबर ३००. सप्तकाचे १२०० सेंट केले तर पहिला ४०८ सेंटवर आणि दुसरा ३८६ सेंटवर येतो. फरक साधारण २१.५ सेंटचा, त्याला सिंटॉनिक कॉमा म्हणतात. ३००चा गांधार २४०च्या षड्जाबरोबर धरला तर नाद स्थिर राहतो. ३०३.७५चा धरला तर सेकंदाला १५ हेलकावे येतात, म्हणजे नाद तितक्या वेळा लहान-मोठा होतो, आणि सूर खरखरतो. पुढे जे काही घडले ते या खरखरीमुळे.

मठांमधले ग्रेगोरियन गायन एकआवाजी होते. सगळे एकच चाल गात, त्यामुळे गांधार चालीत येऊन पुढे जाई. कशावर उभा राहत नसे. अडचण होती ती पाठांतराची. नवव्या शतकापासून शब्दांवर न्यूम नावाच्या खुणा काढत असत, पण चाल वर जाते की खाली एवढेच त्यांतून कळे, किती वर ते कळत नसे. ग्विदो द'आरेत्सो याने १०२६च्या सुमारास रेघांची पद्धत पक्की केली. एक रेघ तांबडी, एक पिवळी, म्हणजे मध्यम आणि षड्जाची जागा डोळ्यांना लगेच सापडावी. एका स्तोत्राच्या ओळींच्या आरंभीची अक्षरे घेऊन त्याने उत्, रे, मी, फा, सोल, ला ही नावे रूढ केली. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या मुलांना जो सोल्फा शिकवला गेला, त्याचे मूळ हेच.

लेखी स्वर आले आणि एकावर एक चाली रचणे सोपे झाले. त्याची सुरुवात मात्र आधीच झाली होती: नवव्या शतकाच्या अखेरीच्या ग्रंथांत मूळ चालीखाली मध्यम किंवा पंचमाच्या अंतराने दुसरा आवाज चालवण्याचे नियम सापडतात. याला ऑर्गानुम म्हणत. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या नोत्र दाममध्ये लेओनाँ आणि पेरोताँ यांनी ते फार मोठे केले. पेरोताँच्या चार आवाजांच्या रचनांमध्ये खालचा आवाज एकेक स्वर लांबवर धरून ठेवतो आणि वरचे तीन त्यावर तालात फिरतात. या रचना ऐकताना एक गोष्ट मुद्दाम पाहावी. प्रत्येक टप्पा षड्ज-पंचम किंवा षड्ज-षड्ज अशा अंतरावर येऊन थांबतो. गांधार वाटेत भरपूर लागतो, पण मुक्काम त्याच्यावर कधी होत नाही. मठांत एकतारी मोनोकॉर्डवर जे स्वर शिकवले जात ते पंचमांच्या साखळीतून निघत, आणि त्या जुळवणीत गांधारावर थांबणे म्हणजे ते १५ हेलकावे ऐकत बसणे.

कालमापनाचा भाग थोडक्यात सांगतो. तीन-चार आवाज एकत्र चालवायचे तर कोणता स्वर किती वेळ धरायचा, हेही लिहावे लागते. कोलोनच्या फ्रँकोने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वराच्या आकृतीवरूनच त्याची लांबी ठरवली, आणि १३२०च्या सुमारास फिलिप द व्हित्री याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत दोनाच्या विभागणीला तीनाच्या बरोबरीची जागा मिळाली. पोप बाविसावे जॉन यांनी काही वर्षांतच या बारीक तुकड्यांविरुद्ध आदेश काढला. गियोम द माशोने (मृत्यू १३७७) त्याच पद्धतीने चार आवाजांचा संपूर्ण मास (चर्चच्या मुख्य उपासनेचे संगीत) रचला.

गांधाराची बाजू आधी इंग्लंडमध्ये फिरली. वॉल्टर ओडिंग्टन याने १३००च्या सुमारास नोंदवले आहे की ग्रंथात गांधार ८१:६४ (म्हणजे वरचा ३०३.७५चा) असला तरी गायक तो ५:४कडे ओढून गोड करतात. गळ्याला पडदे नसतात, कान सांगेल तिथे तो जातो. जॉन डन्स्टेपलच्या (मृत्यू १४५३) रचनांमध्ये गांधार आणि धैवत सतत वर तरंगत असतात. १४४०च्या सुमारास मार्तँ ल फ्राँ या फ्रेंच कवीने लिहिले की आपल्याकडचे संगीतकार आता इंग्रजी ढंग उचलू लागले आहेत. त्यात दुफाय होता, ज्याचे मोटेट (बहुआवाजी धार्मिक गीत) १४३६ साली फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या प्रतिष्ठापनेला गायले गेले.

पण ऑर्गन गळ्यासारखा वळत नाही. पंधराव्या शतकातल्या कारागिरांनी इथे एक सुंदर युक्ती काढली. आंरी आर्नो याच्या १४४०च्या सुमाराच्या हस्तलिखितात ती दिसते. बारा शुद्ध पंचमांची साखळी सुरुवातीच्या स्वराला नेमकी मिळत नाही, म्हणून त्यांतला एक पंचम बिघडतोच. पांढरी एक हा षड्ज धरू. काळ्या पट्ट्या वर चढत जाणाऱ्या पंचमांतून न लावता त्यांनी त्या षड्जापासून खाली उतरणाऱ्या पंचमांतून लावल्या. त्यामुळे साखळीतला बिघडलेला पंचम पांढरी सात आणि काळी तीन यांच्यामध्ये गेला. फायदा असा की पांढरी दोन, तीन, सहा आणि सात यांचे गांधार ३८४ सेंटवर आले, शुद्ध जागेपासून अवघे दोन सेंट दूर. पांढरी एकचा गांधार मात्र होता तसाच कर्कश राहिला.

१४८२ साली बोलोन्यात बार्तोलोमे रामोस याने शिक्षणाच्या ग्रंथातच ५:४ आणि ६:५ ही प्रमाणे मांडली. त्याच्यावर टीकेची झोड उठली, कारण पायथागोरसला बाजूला सारणे म्हणजे बोएथियस या प्राचीन ग्रंथकारापासूनची सारी परंपरा सोडणे होते. तरी खरी अडचण गणिताचीच होती. चार शुद्ध पंचम १२१५ देतात, शुद्ध गांधाराची दोन सप्तके वरची जागा १२०० आहे. दोन्ही एकाच वाद्यावर शुद्ध ठेवता येत नाहीत. कोणाला तरी माघार घ्यावी लागते.

सोळाव्या शतकाने पंचमाला माघार घ्यायला लावली. पिएत्रो आरोनने १५२३ साली व्हेनिसमध्ये ही जुळवणी शब्दांत सांगितली आणि झार्लिनोने १५७१ साली तिचे गणित नेमके मांडले. तिला क्वार्टर कॉमा मीनटोन म्हणतात. हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे तंतुवाद्य) ती लावायचा क्रम असा. पांढरी एक २४० वर घ्या आणि पांढरी तीनचा गांधार हेलकावे पूर्ण थांबेपर्यंत ३०० वर आणा. आता पांढरी एक, पाच, दोन, सहा, तीन या चार पंचमांमध्ये तो कॉमा सारखा वाटून द्या. प्रत्येक पंचम साडेपाच सेंटहून थोडा कमी उतरवायचा. पहिल्या पंचमात पांढरी पाच ३६० ऐवजी ३५८.९ वर येते आणि सेकंदाला दोनाहून किंचित जास्त हेलकावे ऐकू येतात. उरलेल्या सातही पट्ट्या शुद्ध गांधाराने लावायच्या: पाचवरून सात, दोनवरून काळी तीन, सहावरून काळी एक, तीनवरून काळी चार, आणि उलट दिशेने, सहाच्या खाली चार, दोनच्या खाली काळी पाच, पाचच्या खाली काळी दोन.

चुकते ते दोन ठिकाणी. पंचम कमी उतरला काय आणि वर चढला काय, हेलकावे सारखेच ऐकू येतात. म्हणून पंचम आधी पूर्ण शुद्ध लावून मग खाली घ्यावा, थेट हेलकावे मोजत बसू नये. दुसरे, पाच, दोन आणि सहा यांतली कोणतीही पट्टी चुकली की तिच्यावरून लावलेल्या दोन-दोन पट्ट्या तीच चूक घेऊन पुढे जातात. सहा ते तीन हा शेवटचा पंचम ही परीक्षा. तो बाकीच्यांपेक्षा जास्त हेलकावत असेल तर काळ्या पट्ट्यांना हात न लावता मागे फिरावे.

इतके करून बारापैकी आठ पट्ट्यांना शुद्ध गांधार मिळतो. किंमत बाकीच्या चार देतात. शुद्ध गांधारांची साखळी २४०, ३००, ३७५ अशी वर जाते. वरच्या षड्जावरून, म्हणजे ४८० वरून, एक गांधार खाली उतरलात तर ३८४ येतो. काळी चारला ३७५ व्हायचे आहे आणि ३८४ही, पट्टी मात्र एकच. ती ३७५ वर लावली की काळी चार ते काळी दोन हा पंचम ७०२ ऐवजी ७३८ सेंटचा होतो आणि सेकंदाला वीसहून अधिक वेळा गुरगुरतो. त्याला वुल्फ, म्हणजे लांडगा, म्हणतात. इटलीतल्या काही वाद्यांवर काळी पट्टी मधून चिरून पुढचा भाग एका स्वराला आणि मागचा दुसऱ्याला दिलेला असे. निकोला व्हिचेंतिनोने तर १५५५ साली सप्तकाला तीसहून अधिक पट्ट्यांच्या आर्चिचेंबालो या वाद्याचे वर्णन छापले. ल्यूट या पडद्यांच्या तंतुवाद्याच्या वादकांचा मार्ग वेगळा होता. त्यांचे पडदे सगळ्या तारांखाली आडवे बांधलेले, म्हणून प्रत्येक अर्धस्वर सारखा ठेवण्याकडे त्यांचा कल. व्हिन्चेन्झो गॅलिलीने (खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील) १५८१ साली पडद्यांसाठी १८:१७ हे प्रमाण दिले. ल्यूट आणि हार्पसिकॉर्ड एकत्र वाजले की गांधार जुळत नसे. एर्कोले बोत्रिगारीने १५९४ साली या भांडणावर अख्खा संवादग्रंथ लिहिला.

बरोकची सुरुवात १६००च्या आसपासच्या ऑपेरापासून सांगतात: पेरीची एउरिदीचे १६००, मॉन्टेव्हर्दीची ऑर्फेओ १६०७. माझ्या मते त्याहून खोल बदल लोदोव्हिको व्हियादानाच्या १६०२च्या संग्रहात आहे. गायक कमी असले की बहुआवाजी रचनांतले काही आवाज गाळले जात आणि संगीत भोके पडल्यासारखे ऐकू येई, अशी त्याची तक्रार होती. उपाय म्हणून त्याने ऑर्गनवाल्यासाठी सलग खर्ज लिहिला आणि वरची भरणी त्याच्यावर सोपवली. या पद्धतीत पुढे खर्जाच्या स्वरावर आकडे लिहिण्याची भाषा रूढ झाली. आकडा नसेल तर त्या स्वराचा गांधार आणि पंचम वाजवायचा. ६ असेल तर गांधार आणि सहावा स्वर. ४ आणि मग ३ असेल तर मध्यम धरून तो गांधारावर सोडायचा. षड्ज-गांधार-पंचम हा गट आता काही लिहिले नसतानाही गृहीत धरला गेला. नोत्र दाममध्ये ज्या स्वरावर थांबता येत नव्हते, तो इथे मुक्कामाचा अनिवार्य भाग झाला. शुद्ध गांधाराचे ऑर्गन सर्वत्र नसते तर ही पद्धत कानाला सहन झाली नसती.

सतराव्या शतकाच्या अखेरीस रचना दूरच्या सुरांत, म्हणजे दूरच्या पट्ट्या षड्ज धरून, जाऊ लागल्या आणि लांडगा वाटेत येऊ लागला. आंद्रेआस वर्कमायस्टरने १६९१ साली दिलेल्या एका जुळवणीत फक्त चार पंचम साधारण सहा सेंटने उतरवले आहेत आणि बाकीचे आठ शुद्ध ठेवले आहेत. पांढरी एकचा गांधार ३९० सेंटवर बसतो, काळी तीनचा ४०८ वर. लांडगा गेला, बाराही सूर चालू झाले आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा राहिला. बाखने १७२२ साली चोवीसही सुरांत रचलेल्या प्रेल्यूड-फ्यूगच्या (मोकळी प्रस्तावना आणि मागोमाग आवाज शिरणारी रचना अशा जोड्यांच्या) संग्रहाच्या नावात चांगली जुळवणी म्हटले आहे, समान जुळवणी नव्हे. मुखपृष्ठावर तो सुरांची विभागणीही गांधारानेच करतो: मोठ्या गांधाराचे सूर आणि कोमल गांधाराचे सूर.

सगळे अर्धस्वर १०० सेंटचे आणि सगळे गांधार ४००चे, ही समान जुळवणी पियानोवर सार्वत्रिक झाली ती एकोणिसाव्या शतकात. हार्मोनियम तिच्यासकटच आपल्याकडे आली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०च्या आसपास श्रुतींची मोजणी प्रसिद्ध केली आणि ई. क्लेमेंट्स यांच्यासह श्रुती-हार्मोनियम घडवून घेतली, ती या ४००च्या गांधारावरच्या आक्षेपातून.